कुत्रं आडवं आलं नव्हतं

नाकाबंदीत पोलिसांच्या यंत्रात मी आजवर सहा वेळा फुंकलं आहे. सहाही वेळा शून्य आलं. त्यातल्या पाच वेळा मी गांजा ओढून गाडी चालवत होतो. एकदा तर सिगारेट विझवून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. हवालदारांनी आकडा पाहिला, "जा भाऊ, सावकाश जा," म्हणाले आणि मी गेलो. ते यंत्र श्वासातली दारू मोजतं, गांजा त्याला कळत नाही. हे मला विसाव्या वर्षी समजलं आणि पुढची सात वर्षं मी त्या शून्यावर विसंबून काढली. दारू पिऊन चालवणारे सोबतचे पोट्टे पकडले जायचे, दंड भरायचे. मी घरी यायचो. दारू पिऊन चालवणं हा गुन्हा आणि गांजा ओढून चालवणं म्हणजे काहीच नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता काढला होता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूच्या बरोबरीनं अमली पदार्थही आहेत. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे मला कुणी वाचून दाखवलं तेव्हा माझं लायसन नऊ वर्षांचं झालं होतं.

आता मी ३० वर्षांचा आहे. २०२२च्या हिवाळ्यापासून मी यातून बाहेर पडतो आहे, त्याची ही हकीकत. बाबांना विचारून लिहितोय. ते म्हणाले, "नाव नको टाकू, बाकी लिही."

आमचं घर नागपूरला, नंदनवनकडे. बाबांची छोटा हत्ती गाडी आहे. पहाटे कळमना बाजारातून फळं-भाजी उचलायची आणि सीताबर्डी, गोकुळपेठच्या दुकानदारांना पोचवायची, हा आमचा धंदा. मी नववीत होतो तेव्हा, चौदाव्या वर्षी, शाळेमागच्या भिंतीआड पहिल्यांदा ओढली. दोन पोट्टे आमच्याहून मोठे होते. ते सिगारेटमधली तंबाखू तळहातावर काढायचे, त्यात माल चुरायचे आणि पुन्हा भरायचे. आम्ही सहा जण बसायचो. पहिल्या वेळी मला नुसता खोकला आला. तिसऱ्या वेळी जे झालं ते मला अजून आठवतं. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की माझे पाय कापायचे, जीभ अडकायची. त्या दुपारी मधल्या सुट्टीनंतर बाईंनी मला उठवलं आणि मी न अडखळता वाचलं. पाय कापले नाहीत. बाई "छान" म्हणाल्या. पुढच्या तेरा वर्षांत मी गांजाकडे ज्या विश्वासानं बघत आलो, त्याचं मूळ त्या "छान"मध्ये आहे.

आमच्यात काही गोष्टी अशा बोलल्या जायच्या की जणू त्या आजोबांपासून चालत आल्या आहेत. शंकराचा प्रसाद आहे. जडीबुटी आहे, दारूसारखं लिव्हर जात नाही. सवय लागत नाही, कधीही सोडता येतं. महाशिवरात्रीला भांगेची थंडाई घरातली मोठी माणसंही घेतात, मग आपलं काय चुकलं? झाडाची पानं आणि झाडाचा फुलोरा यांत कायदा फरक करतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसती पानं गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, फुलोरा बसतो. आम्ही ओढायचो तो फुलोराच होता. ओडिशा-आंध्रकडून येणाऱ्या गाड्यांत नागपूर स्टेशनावर गांजाच्या बॅगा पकडल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. आम्ही त्या मोठ्यानं वाचायचो आणि आता माल महाग होईल, एवढीच काळजी करायचो.

दहावीला मला ७१ टक्के होते. बारावीला ४८. बी.कॉम.चं पहिलं वर्ष अर्ध्यात सुटलं. ट्यूशनच्या फीचे पैसे दोन वर्षं पुडीत गेले. हे सगळं मी भरभर सांगतोय, कारण खरंच ते भरभर गेलं. त्या वर्षांतले फार कमी दिवस मला वेगळे आठवतात.

गाडी शिकलो ते मात्र नीट आठवतं. मला अठरा पूर्ण झाली आणि बाबा पहाटे मला रेशीमबागच्या मैदानावर घेऊन जायला लागले. बाबा शिकवायला कडक. गाडी बंद पडली की डॅशबोर्डवर हात आपटायचे. मला परत ते शाळेतलं कापरं भरायचं. म्हणून निघायच्या आधी गच्चीवर जाऊन दोन झुरके मारायचो. रोज. क्लच कधी सोडायचा, ब्रेक किती दाबायचा, समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, सगळं माझ्या हातापायांनी गांजात शिकून घेतलं. लायसनची परीक्षाही तशीच दिली. मी शुद्धीत गाडी चालवून कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळे गांजानं माझ्या चालवण्यात काय फरक पडतो, हे मला कळणार कुठून? तुलना करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

गांजा ओढणारे सगळे एक गोष्ट ठासून सांगतात, मीही सांगायचो: "दारूवाला जोरात मारतो, आपण हळू चालवतो, म्हणून आपण सेफ." हळू चालवतो हे बरेचदा खरं असतं. पण हळू चालवतो म्हणजे नीट चालवतो असं नाही. गांजात वेळ ताणला जातो. दोन सेकंद गेले की दहा, हे आतून कळत नाही. गाडी लेनमध्ये सरळ धरलेली आहे असं वाटतं आणि ती वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकत असते. सगळ्यात वाईट म्हणजे लक्ष एका गोष्टीला चिकटतं. गाण्याला चिकटलं तर गाण्यालाच, समोरच्या बसवरच्या जाहिरातीला चिकटलं तर तिलाच. गाडी चालवताना माणसाला एका वेळी आठ गोष्टी थोड्या थोड्या बघाव्या लागतात. मी एक गोष्ट पूर्ण बघायचो आणि उरलेल्या सात सोडून द्यायचो. त्या वर्षांत डाव्या बाजूचा आरसा दोनदा तुटला. दोन्ही वेळा मी ऑटोवाल्याशी भांडलो.

२०२२चा नोव्हेंबर. आंबिया बहाराची संत्री कळमन्यात येऊन पडत होती, आमचे दिवस धावपळीचे होते. त्या पहाटे चारला उठलो, गच्चीवर गेलो, ओढली, खाली आलो. बाबा सोबत होते, कारण गोकुळपेठच्या एका दुकानदाराकडची उधारी त्यांना स्वतः मागायची होती. चाळीस क्रेट भरले. भंडारा रोडनं येऊन सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूला लागलो. रस्ता मोकळा होता. पुढे एक ट्रक, त्याच्या मागे दोन लाल दिवे. मी त्या दिव्यांकडे बघत होतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. ट्रक डावीकडे वळायला लागला आणि मी दिव्यांमागे तसाच ओढला गेलो. मग अचानक भान आलं, स्टिअरिंग उजवीकडे मारलं, ते गरजेपेक्षा जास्त मारलं गेलं. उजवी चाकं दुभाजकावर चढली आणि गाडी डाव्या अंगावर पडली. बाबांच्या अंगावर.

काच फुटली होती. संत्री रस्ताभर झाली होती, काही अजून घरंगळत होती. चहाच्या टपरीवरचे लोक धावत आले आणि त्यांनी आम्हाला वरच्या दारातून ओढून काढलं. मला खरचटलंही नव्हतं. बाबा रस्त्याच्या कडेला बसले, डावा खांदा उजव्या हातानं धरून. कुणीतरी विचारलं, काय झालं?

"कुत्रं आडवं आलं," बाबा म्हणाले.

पोलीस आले तेव्हा पुन्हा म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिसऱ्यांदा. पोलिसांनी मला यंत्रात फुंकायला लावलं. शून्य. बाबांची कॉलरबोन दोन ठिकाणी मोडली होती.

कुत्रं नव्हतं. रस्त्यावर कुणीच नव्हतं, आणि यासाठी मी आजही देवाचे आभार मानतो. त्या वेळेला त्या रस्त्यानं पेपर टाकणारी पोरं सायकलवर जातात. दूधवाले जातात. मी त्यांना रोज बघायचो. बघायचो असं मला वाटायचं.

गाडीच्या दुरुस्तीला ४२,००० रुपये लागणार होते. विम्याचा माणूस फॉर्म घेऊन आला. बाबांनी फॉर्म वाचला, 'अपघाताचे कारण' या रकान्यापाशी थांबले आणि परत दिला. आईनं विचारलं, का? ते म्हणाले, "तोंडानं बोललो ते बोललो. सहीनं खोटं नाही बोलणार." पैसे घरातून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला तेव्हा कळलं की बाबांना सगळं माहीत आहे, बहुतेक कित्येक वर्षांपासून. नंतर आईकडून कळलं की एकदा ते तिला म्हणाले होते, "मी सोळाव्या वर्षापासून तंबाखूचा खर्रा खातो. मले सुटला नाही. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

ताई वर्ध्याला असते, शाळेत शिकवते. ती दुसऱ्या दिवशी आली. बाबांजवळ बसली, मग माझ्या खोलीत येऊन विचारलं, "कुत्रं कोणत्या रंगाचं होतं?"

मी म्हटलं, "काळं."

"बाबांनी फोनवर तांबडं सांगितलं." ती उठली, दार लोटलं आणि परत बसली. "आता सांग."

मी सांगितलं. चौदाव्या वर्षापासूनचं. तिला रडू आलं ते पेपर टाकणाऱ्या पोरांबद्दल मी बोललो तेव्हा. ताईच्या शाळेत अशी दोन पोरं आहेत, पहाटे पेपर टाकून वर्गात येऊन पेंगणारी.

तिनं आधी एका खासगी केंद्राला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, सहा महिने ठेवावं लागेल, फोन बंद, भेट बंद, पत्ता द्या, रात्री गाडी पाठवून उचलून नेतो. ताईनं फोन ठेवून दिला. मग केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६, मोफत, तिथे लावला. त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीबद्दल सांगितलं. सोमवारी सकाळी आम्ही केसपेपर काढायच्या रांगेत उभे होतो.

मला भीती होती ती पोलिसांची. गांजा बाळगणं तर सोडाच, नुसता ओढणं हाही गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मला माहीत होतं. इथे नाव लिहिलं की उद्या घरी कुणी येईल, असं डोक्यात होतं. याच भीतीनं मी आणि माझ्यासारखे किती जण त्या दारापर्यंत जात नाहीत. समुपदेशक सरांनी पहिल्याच दिवशी ती काढली. ते म्हणाले, इथे बोललेलं इथे राहतं. त्याच एनडीपीएस कायद्यात ६४-ए नावाचं कलम आहे. नशेच्या आहारी गेलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात उपचाराला आला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातही कायदा त्याला खटल्यापासून संरक्षण देतो. अट एकच, उपचार पूर्ण करायचे.

डॉक्टर मॅडमनी बरेच प्रश्न विचारले. दिवसातून किती वेळा? उठल्यावर किती वेळात पहिली लागते? कधी सोडायचा प्रयत्न केला? नाही मिळाली तर काय होतं? ओढून गाडी चालवता? मी खरी उत्तरं दिली. "पहिली कितव्या वर्षी?" यावर मी चौदा म्हटलं, तर त्यांनी तो आकडा लिहून त्याच्याखाली रेघ मारली. मी विचारलं, त्यानं काय फरक पडतो? तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

त्यांनी पेन ठेवलं. रांग मोठी होती, तरी त्यांनी मला समजावून सांगितलं, हे मी विसरणार नाही.

म्हणाल्या, माणसाच्या मेंदूत गांजासारखं काम करणारा एक पदार्थ आपोआप तयार होत असतो. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांना तो सापडला तेव्हा त्यांनी आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. तो गरजेपुरता तयार होतो, क्षणभर काम करतो आणि मोडून जातो. गांजातला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, त्याच जागांवर जाऊन बसतो आणि तासन्‌तास उठत नाही. त्या जागा मेंदूत कुठे आहेत, तर आठवण ठेवण्याच्या भागात, तोल सांभाळण्याच्या भागात, हालचाल सुरू करण्या-थांबवण्याच्या भागात. "गाडी चालवायला जे जे लागतं ते सगळं," त्या म्हणाल्या. ओढून गाडी चालवली तर अपघाताचा धोका वाढतो, आणि वर दारू असेल तर आणखी वाढतो.

आणि चौदा? मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालते. "स्लॅब टाकला, पण सेंट्रिंग काढायच्या आधीच तुम्ही त्यावर सामान रचायला लागलात." गांजा ओढणाऱ्या सगळ्यांचा विचार केला तर साधारण दहातल्या एकाला त्याची सवय जडते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत सहातल्या एकाला. मला भिंतीआडचे आम्ही सहा जण आठवले. आमच्यात दोन अडकले, मी आणि आणखी एक. चार जणांनी कॉलेजात सोडून दिली आणि त्यांना काही झालं नाही. वर्षानुवर्षं मी त्या चौघांकडे बोट दाखवून म्हणायचो, बघा, सवय लागत नाही.

भारतात एकटा तूच नाहीस, असं नंतर समुपदेशक सर म्हणाले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक देशात सुमारे ३ कोटी १० लाख आणि त्यामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. आकडे ऐकून मला बरं वाटलं नाही. त्या ७२ लाखांतले किती जण गाडी चालवत असतील, हेच डोक्यात आलं.

गांजा सोडवणारी गोळी नसते. झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं, बाकी बोलणं आणि वहीत लिहिणं. भरती व्हायची गरज नाही म्हणाले. माझ्या सिगारेटमध्ये तंबाखूही असायची, म्हणजे सवयी दोन होत्या, तेव्हा दोन्ही एकदम सोडायच्या ठरल्या आणि निकोटिनचं च्युइंगम दिलं. आणि महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. बाबांचा खांदा बांधलेला, माझ्या हातात किल्ली नाही. आत्याचा मुलगा गाडी चालवायला आला आणि त्याची रोजी रोजच्या कमाईतून जायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून शरीरानं हिशेब मागायला सुरुवात केली. 'गांजाची सवय लागत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आठवडा सांगतो. झोप नाही. नागपूरच्या डिसेंबरच्या थंडीत घामानं बनियन ओली व्हायची, आई रात्री दोनदा चादर बदलायची. भूक मेली. तर्री-पोहे माझ्या जिवाचे, ते तोंडात ओला पुठ्ठा चघळल्यासारखे लागायचे. चौथ्या दिवशी आईनं तिसऱ्यांदा "जेव रे बाबू" म्हटलं आणि मी ताट भिंतीवर फेकलं. आई काही बोलली नाही, वरण पुसायला लागली. मी तिच्या हातातून फडकं घेतलं आणि तिथेच बसून राहिलो. नंतर डॉक्टर मॅडम म्हणाल्या की चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, दोन आठवड्यांत बरीच ओसरते, झोपेला मात्र महिना-दीड महिना लागू शकतो. माझं अगदी तसंच झालं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर? मी यापूर्वी दोनदा सोडायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी हार मानली होती. आता हे असंच राहणार, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि स्वप्नं. रोज गांजा ओढणाऱ्याची स्वप्नं दबतात. थांबलं की ती पुरासारखी येतात. मला कितीतरी वर्षांत स्वप्न पडल्याचं आठवत नव्हतं. आता रोज रात्री मी गाडी चालवत होतो. ब्रेक लागत नव्हता. समोर सायकल होती.

चोविसाव्या दिवशी ओपीडीत लघवी तपासली. मी एक झुरका मारला नव्हता, छाती काढून गेलो होतो. पॉझिटिव्ह आली. मला वाटलं आता कुणीही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, ताईही नाही. मॅडमनी समजावलं की टीएचसी चरबीत साठतो, रोज ओढणाऱ्याच्या अंगातून तो कित्येक आठवडे थोडा थोडा बाहेर येत राहतो. आज तुम्ही शुद्धीत आहात, हे मला बघून कळतं आहे, त्या म्हणाल्या. घरी येताना मी ऑटोत हाच विचार करत होतो. डोक्यात गांजा भरलेला असताना एका यंत्रानं शून्य दाखवलं होतं, आणि चोवीस दिवस शुद्धीत असताना दुसरी तपासणी पॉझिटिव्ह आली होती. मी या क्षणी गाडी चालवायला लायक आहे की नाही, हे दोन्हींतून कळत नाही. चावी फिरवण्याआधी ते मला एकट्यालाच माहीत असतं.

अडतिसाव्या दिवशी घसरलो. मित्राच्या हळदीला गेलो होतो, फुटाळ्याकडे. भिंतीआडच्या सहांतला तो दुसरा तिथे भेटला. "एकच बे," म्हणाला. मी एकच ओढली. मग गाडीत बसलो नाही, कुणाच्या मागेही बसलो नाही. फुटाळ्यापासून नंदनवनपर्यंत चालत आलो आणि वाटेत ताईला फोन केला. रात्रीचा एक वाजला होता. ती म्हणाली, "चालत राहा, मी फोन चालू ठेवते." बर्डी ओलांडेपर्यंत आम्ही दोघं फार काही बोललो नाही.

समुपदेशक सरांसमोर मी मान खाली घालून बसलो होतो. ते रागावले नाहीत. "ओढली ते कळलं. त्याच्या आधीच्या तासाभरात काय काय झालं, ते लिहून आण." मी लिहिलं. लिहिताना एक गोष्ट दिसली. मित्रानं मला मंडपाचं सामान आणायला स्वतःच्या गाडीची किल्ली दिली होती. मी ती परत केली, पण ती हातात पडली त्याच क्षणी तोंड कोरडं झालं होतं. भिंतीआडचा तो दुसरा भेटला तो त्यानंतर. सरांनी वही वाचली आणि विचारलं, "पहिल्या दिवसापासून तू गाडी कशी शिकलास म्हणालास?"

माझी तलब किल्लीत होती. आधी झुरका, मग किल्ली, असं नऊ वर्षं रोज. आता हातात किल्ली आली की शरीर झुरका मागत होतं.

मग सुरू झालं ते मी कुठल्याच माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. पहिला आठवडा किल्ली नुसती हातात घेऊन बसायचं आणि तलब येते कशी, चढते कशी, उतरते कशी ते वहीत लिहायचं. वीस मिनिटांत उतरायची. मग उभ्या गाडीत बसायचं, चालू करायची नाही. मग चालू करून बसायचं. आई खिडकीतून बघायची. शेजारचे विचारायचे, गाडी बिघडली का?

२०२३च्या मार्चमध्ये मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या काकांनी माझं लायसन उलटंपालटं करून पाहिलं. "नऊ वर्षांचं आहे. काहून येऊन राहिला बाबू?" मी त्यांना खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बस."

शुद्धीत पहिल्यांदा रस्त्यावर आलो तो दिवस भयंकर होता. सगळं जवळ होतं, सगळं जोरात होतं. हॉर्न कानात शिरत होते. मानेवाडा रोडवर तीन वेळा गाडी बंद पडली. शाळेतलं ते कापरं, जे चौदाव्या वर्षी मी गांजाखाली पुरलं होतं, ते तसंच्या तसं बाहेर आलं, एक दिवसही वयानं मोठं न होता. काकांनी एक गोष्ट करायला लावली. जे दिसतं ते मोठ्यानं बोलत चालवायचं. "डावीकडे ऑटो, थांबेल असं वाटतंय. पुढे गाय. सिग्नलला बारा सेकंद. मागे बाईक, आरशात उजवीकडे. शाळेची पोरं, हळू." पहिल्या दिवशी मला एका वेळी दोनच गोष्टी बोलता येत होत्या. महिन्याअखेरीस सहा-सात यायला लागल्या. डावा आरसा मी किती वर्षं बघितलाच नव्हता, हे मला बोलताना कळलं.

बाबांचा खांदा सुटल्यावर ते पहिल्यांदा माझ्या शेजारी बसले ते रेशीमबागच्याच मैदानावर, पहाटे. मी चालवत होतो आणि मोठ्यानं बोलत होतो. बाबा ऐकत होते, एकदाही डॅशबोर्डवर हात आपटला नाही. दोन फेऱ्यांनंतर मी गाडी बंद केली आणि म्हणालो, "बाबा, त्या दिवशी कुत्रं नव्हतं." ते म्हणाले, "मी बाजूलाच बसलो होतो ना." मग थोड्या वेळानं म्हणाले की तुला गच्चीवरून उतरताना मी बघितलं होतं. वास आला होता. तरी गाडीत बसलो, कारण तुला अडवलं असतं तर तू एकटा गेला असतास. मला वाटलं, मी सोबत असलो तर तू सांभाळून चालवशील.

त्यावर मला काहीही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

सगळं पूर्ववत झालेलं नाही. क्रेट मोजताना मधेच आकडा सुटतो, म्हणून प्रत्येक दहा क्रेटनंतर खडूनं रेघ मारतो. दुकानदारांची नावं विसरतो. हे गांजामुळे की माझं डोकंच तसं, मॅडमही सांगू शकल्या नाहीत. लवकर सुरुवात केलेल्यांत काही गोष्टी पूर्ण भरून येतात, काही येत नाहीत, एवढं त्या म्हणाल्या. अंधार पडल्यावर, समोर लाल दिवे असले की मी अजून गाडी चालवत नाही, तेव्हा आत्याचा मुलगा चालवतो. तो माझ्याहून लहान आहे. किल्ली देण्याआधी मी त्याच्याशी पाच मिनिटं उभं राहून बोलतो, डोळ्यांत बघून. पहिले काही दिवस त्याला राग यायचा.

भिंतीआडचा तो दुसरा अजून ओढतो. मागच्या महिन्यात त्यानं फोन करून विचारलं की ओपीडीचा वार कोणता. मी सोमवार सांगितला आणि म्हटलं, मी येतो सोबत, पण तुझ्या बाईकनं नाही, मेट्रोनं जाऊ. तो सोमवार आला नाही. पुढच्या सोमवारचं तो हो म्हणाला आहे.

दुरुस्तीचे ४२,००० मी बाबांना महिन्याला १,५०० प्रमाणे फेडतोय, २०२३च्या जुलैपासून. ते घेत नव्हते. आता घेतात, कपाटातल्या वहीत लिहून ठेवतात. दोन हप्ते राहिले आहेत.